आधी चार घास

आमच्याकडं मयताची बातमी उपाशी मानसाला सांगत न्हाईत. आधी त्याच्या पोटात चार घास जाऊ द्यायचे, पानी पिऊ द्यायचं, हात धुवू द्यायचा, मंग सांगायचं. काहून, तर एकदा सांगितलं की त्या घरची चूल पेटत न्हाई. भाऊबंदातलं कोनी कडू भाकर आनून घालीस्तोवर ते मानूस तसंच बसून ऱ्हातं. आन रडायलाबी बळ लागतं. हे शहानपन माझं न्हाई बरं का, हे मनकर्णाचं. मनकर्णा म्हंजी माझी शेजारीन, भितीला भीत लागून. आन मी भिकाबाई, प्रेमदासची बायको, गावात तोंडाळ म्हनून नाव काढलेली. ते नाव खोटं न्हाई. पन त्यात निम्मा हात मनकर्णाचा हाय, कारन मी जास्ती करून तिच्यासंगंच भांडलेली हाय.

मनकर्णाला ही अक्कल फुकट आली न्हाई. तिचा नवरा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला, तवा ती दुसऱ्याच्या वावरात सकाळपासून खुरपत व्हती, पोटात नुसता घोटभर चहा. एका शहान्यानं बांधावरूनच आरोळी मारली, "ए मनकर्णे, तुजा नवरा मेला!" ती जागेवर बसली ती बसलीच. पुढं दोन दिवस कोनाचा घास तिच्या नरड्याखाली उतरला न्हाई. तिची लेक पुनम तवा अंगावर पीत व्हती. दूधच आटलं. लेकरू वाटी-चमच्यानं शेळीचं दूध पाजून जगवलं आमी. त्या आरोळी मारनाऱ्याला मी अजून शिव्या देते, तो मरून गेला तरी.

तवापासून गावात कुठं वाईट झालं, कुन्या सुनेच्या माहेरचं कोनी गेलं, की सांगायला मनकर्णाला धाडायचे. तिची रीत ठरलेली. घरात शिरायची, बसायची न्हाई, सरळ चुलीपाशी जाऊन दुरडीवरचं फडकं उचलायची. भाकर असली तर वाढायची. नसली तर त्या घरचंच पीठ घेऊन थापायला बसायची, वर म्हनायची, "आलते सहज, म्हनलं तुझ्याकडं पिठलं खावं." बाई बिचारी खायची, पानी प्यायची, हात धुवायची. मंग ही तिचा वला हात हातात घ्यायची आन सांगायची. सांगून पळून यायची न्हाई. ती बाई गळ्यात पडून रडायची तवर हिनं तिला घट धरून ठेवायचं. हिच्या लुगड्याचा खांदा भिजून चिंब झालेला म्या किती तरी बार पाह्यला. एकदा इचारलंबी, "तुला काय हौस हाय गं दुसऱ्याच्या मयतीची?" तर म्हनली, "हौस न्हाई बाई. पन त्या टायमाला धरायला कोनी लागतं. न्हाईतर मानूस वाया जातं."

पुढं पुढं असं झालं की मनकर्णानं कोनाला 'जेवलीस का' इचारलं की बायांच्या काळजात धस्स व्हायचं. तिच्या दिराचं, उकंडरावाचं, पोरगं लगीन करून आलतं, त्याची नवी नवरी पान्याला निघालेली. हिनं आपलं मायेनं इचारलं, "जेवलीस का गं बाई?" नवरीला कोनीतरी आधीच सांगून ठेवलेलं. तिनं डोक्यावरचा हंडा तिथंच टाकला आन "माझे बाबा गेले का वो?" करून भोकाड पसरलं. तिचे बाबा तिकडं जवळा बाजारला पानठेल्यावर गप्पा हानत बसलेले! आमी हासून हासून येडे झालो. मनकर्णाचं तोंड मात्र एवढंसं झालं. त्या दिवसापासून तिनं सहज म्हनून कोनाला जेवायचं इचारलं न्हाई.

पुनम तिची एकुलती एक. शिकवली बारावीपर्यंत. स्थळं परभनीची आली, पार औरंगाबादची आली, पन दूर द्यायची न्हाई म्हनून मनकर्णा हटून बसली. शेवटी डोंगरकड्याला दिली, स्वप्निल म्हनून पोरगं, केळीच्या गाड्या भरायचं काम बघतो, सरळ हाय. मनकर्णा म्हनायची, "पायी निघाले तरी सांजच्याला पोचंन मी." बाळापूरच्या बाजाराला मायलेकी दोघी यायच्या, एका जागी बसून भजे खायच्या, आन तोंडं फिरवून आपापल्या वाटंनं जायच्या. तेवढ्यावर बाईचा आठवडा निघायचा.

मंग आला तो कोरोना. जळ्ळं त्याचं तोंड. पहिल्या लॉकडाऊनला आमच्या गावच्या पोरांनी शीवंवर बाभळीचे फांटे आडवे टाकले, बाहेरचं कोनी यायचं न्हाई, गावातलं कोनी जायचं न्हाई. बाजार बंद, खुरपनं बंद. घरात नवरा-पोरं असनारी मानसं पत्ते खेळून, भांडून दिवस ढकलायची. मनकर्णानं एकटीनं काय करावं? अंगन दोन दोन बार झाडायची. शेळीसंगं बोलायची, तेबी माझ्या नावानं कागाळ्या. गावात मयती झाल्या पन तिला कोनी बोलावलं न्हाई. गळ्यात पडायचंच बंद झालतं ना. दाराच्या चौकटीत उभी ऱ्हाऊन म्हनायची, "भिकाबाई, त्या घरच्या बायांना कोनी खाऊ घातलं असंल का गं?" मी म्हनायची, "तुला काय पडलंय? आपला जीव वाचव." असं म्हनायची खरी, पन मलाबी बरं वाटायचं न्हाई.

पहिली खेप तशीच गेली, गावात काही शिरलं न्हाई. दुसऱ्या वर्षी, पाडव्याच्या तोंडावर, मात्र घरोघर खोकले सुरू झाले. आमचे प्रेमदास टेम्पो चालवतेत. कुठून घेऊन आले देव जाने, दोन दिवस अंग मोडून पडले, मंग दम लागला. गाडी आली, त्यांना कळमनुरीला सेंटरमधी घेऊन गेली. माझी तपासनी केली तर मीबी पॉझिटिव्ह. ताप व्हता, दम नव्हता, म्हनून मला घरीच ठेवलं. आमच्या बोळात घरं दोनच, माझं आन मनकर्णाचं. बोळाच्या तोंडाला बांबू बांधला, त्याला लाल-पांढरी पट्टी. मनकर्णा माझ्या संपर्कातली म्हनून तीबी आत. तिला ना ताप ना खोकला, फुकट कोंडली. अशा आमी दोघी एकट्या, मधी सामायिक भीत.

आता मला सांगा, तापानं फनफनलेल्या बाईला कोन भाकर देनार? पहिल्याच दिवशी भितीवरून आवाज आला, "उचल." बघते तर भितीवर ताट, दोन भाकरी, वांग्याची भाजी. मी जवळ जाऊस्तोवर ती मागं सरून अंगनाच्या पार त्या टोकाला उभी. मंग रोजचंच झालं ते. रोज सकाळी भितीपलीकडून भाकर थापायचा आवाज यायचा, थप थप थप, आन मला कळायचं आज आपल्याला जेवन हाय. तरी माझी खोड जाती का? एक दिवस म्हनले, "मीठ लई झालंय भाजीत." ती तिकडून फिसकारली, "तोंडाची चव गेली म्हनून कालच रडत व्हतीस, आज मीठ कुठून कळलं तुला, सटवे?" म्या गप गिळलं.

त्यातच पुनमला ताप आला. रोज सांजच्याला लेकीचा फोन यायचा, त्यात ती आधी "साधा ताप हाय, माय" म्हनली. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता खोकली. तिसऱ्या दिवशी फोन स्वप्निलनं घेतला, म्हनला, "मामी, नांदेडला आनलंय, सलाईन लावली, काळजी करू नका." काळजी करू नका म्हनं! मनकर्णानं दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवीत लुगडं कोंबलं, चप्पल घातली आन निघाली. बांबूपाशी उकंडराव आन गावातली चार मंडळी. "वहिनी, मागं फिरा. तुमचं नाव 'हाय रिस्क'च्या यादीत हाय. चौकात पोलीस बसलेत, दंडुके खासाल." ती म्हनली, "मला नुसतं लांबून बघू द्या, मी तिला शिवनारबी न्हाई." उकंडराव म्हनला, "आवो तिथं आपल्या मानसाला आत सोडत न्हाईत, तुमी बघसाल काय, दवाखान्याची भीत?" खरंच व्हतं ते. पन खरं बोलनाऱ्याचा इतका राग मला कधी आला न्हाई. मनकर्णा पिशवी घेऊन तशीच मागं आली, चप्पल काढली, आन माझ्यासाठी भाकरी टाकायला बसली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, उन्हं वर आल्यावर, माझा फोन वाजला. नंबर स्वप्निलचा. म्या उचलला तर तिकडून आवाजच न्हाई, नुसता हुंदका. मी म्हनले, "बोल बाबा, काय झालं?" तर म्हनला, "मावशी, पुनम गेली." दुसरं त्याला बोलताच येईना. थांबत थांबत सांगितलं त्यानं. पहाटं गेली. सकाळी तिथल्याच मानसांनी नेऊन नांदेडलाच केलं समदं. त्याला लांब उभं केलं, तोंडबी नीट दिसलं न्हाई. आन शेवटी काय म्हनतो, "मावशी, मामीला फोनवर सांगू नका. तुमी जवळ बसून सांगा. आधी काहीतरी खाऊ घाला आन मंग सांगा. तुमीच धरा तिला."

त्याला काय म्हाईत मी कोंडलेली हाय म्हनून? त्याला सांगावं तर तो आधीच मोडलेला. मी "बरं" म्हनले आन फोन ठेवला. ठेवल्यावर मला कळलं आपन काय कबूल केलं.

तेवढ्यात भितीवरून, "उचल." बघते तर गरम भाकर. जिची लेक पहाटं मेली, ती बाई माझ्यासाठी भाकर थापून ठेवती. "कोनाचा फोन व्हता गं?" तिनं इचारलं. "प्रेमदासचा," मी म्हनले. "बरे हायत का?" "बरे हायत." "नशीब तुजं," ती म्हनली, "माझ्या पुनमचा काहून येऊन न्हाई राहिला मंग?" मी म्हनले, "दवाखान्यात चार्जिंगला जागा नसती." अशी पहिली थाप मारली.

भाकर घेऊन मी घरात आले आन दार लावून बसले. आता हिला कोनी तरी धरायला पाहिजे. म्या उकंडरावाला फोन लावला. सख्खा दीर, सुतक त्याला, रडायला पहिला हक्क त्याचा. सगळं आयकून घेतलं आन म्हनला, "वाईट झालं. लई वाईट झालं. पन भिकाबाई, माझ्या घरात लहान लेकरं हायत. मी कसा येऊ आत? तुमची भितीला भीत हाय, तुमीच सांगा." म्या त्याला असं झाडलं, असं झाडलं, की ताप असून माझा आवाज पार मारुतीच्या पारापर्यंत गेला असंल. मंग घाबरून गप बसले, पलीकडं मनकर्णा आयकंल म्हनून. "उकंडरावाला काहून शिव्या घालून राहिलीस?" ती पलीकडून म्हनलीच. "सवय हाय मला," मी म्हनले.

दुपारी सरकारी दवाखान्याची आशाताई आली गोळ्या घेऊन, प्रियदर्शनी, पंचविशीची पोर. बांबूच्या पलीकडं उभी. म्या खुनंनं जवळ बोलावलं, हळू आवाजात सांगितलं. ती पुनमच्या शाळंतली. तोंडावरच्या मास्कात रडायली बिचारी, मास्क वला झाला. म्हनली, "मावशी, मी आत येऊ शकत न्हाई. आन आले तरी ह्या असल्या कपड्यात, हातमोज्यात, काकूला कशी धरू? तिला धरल्यावर मी पुन्हा तीस घरं फिरनार." तिच्यावर कशी चिडू मी? बरोबरच व्हतं तिचं. ती म्हनली, "बांबू निघाला की मी पहिली येते. तवर सांगू नका." सरपंचाला फोन केला, त्यांचंबी तेच, "बांबू निघू द्या." समद्यांचं एकच. सल्ला द्यायला समदे व्हते, धरायला कोनी नव्हतं.

इकडं आड, तिकडं विहीर. सांगावं तर ती एकटीच्या घरात, चूल इझवून बसंल. तिला कडू भाकर कोन आनून देईल? मी? माझ्या घरच्या भांड्याला रोग. भाऊबंद बांबूच्या पलीकडं. दूध आटल्यावर कशी बसली व्हती ती, मला आठवत व्हतं. आन आता तर पन्नाशी ओलांडलेली, बीपीच्या गोळ्यावर. न सांगावं तर रोज ती लेकीच्या फोनची वाट बघून राहिली, आन मी आयकून राहिले. कोनतं पाप कमी, मला ठरवता येईना. मी आपलं ठरवलं, बांबू निघंपर्यंत हिला खाऊ द्यावं. जितके घास जातेत तितके जाऊ द्यावे.

दुसऱ्या दिवशी पाडवा. मला वाटलं ही काही करनार न्हाई, लेक दवाखान्यात. तर सकाळपासून पाटा-वरवंट्याचा आवाज. पुरन वाटून राहिली! भितीवर पोळी आली, वर तुपाची धार. "माझी पुनम बरी व्हावी म्हनून केलं गं," ती म्हनली, "देवाला दाखवलं. खा." सुतकातलं पुरन ते, तिला ठावं न्हाई, मला ठावं. मी ताट हातात घेऊन उभी. ती पलीकडून कान देऊन. "कशी झाली?" काय सांगू तुमाला, चव तर मला नव्हतीच, पन त्या दिवशी नरडंबी नव्हतं. एक एक तुकडा पान्यासंगं ढकलला. "चांगली झाली," मी म्हनले. "पुनमला आवडती," ती म्हनली, "आल्यावर पुन्हा करीन." मी घरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

मनकर्णा स्वप्निलला फोन लावायची, तो उचलायचा न्हाई. उचलून काय बोलनार? मंग ती मला इचारायची आन मी सांगायची. टावर न्हाई. मोबाईल पडला आसंल. डॉक्टर बोलू देत न्हाईत. तोंडाळ म्हनून जल्म काढला म्या, पन खोटं बोलायचं कसब माझ्यात नव्हतं, ते त्या दिवसांत आलं. ती अंगनात इकडून तिकडं फिरायची, चपलेचा आवाज यायचा, फट फट. मधीच थांबून म्हनायची, "भिकाबाई, माझ्या जिवाला कसं तरी व्हतंय गं." मी म्हनायची, "ऊन लई हाय, म्हनून."

आन एक गोष्ट माझ्या ध्यानात आली न्हाई. मी भांडायची सोडली व्हती. तिची शेळी सुटून माझ्या अंगनात आली, कढीपत्त्याचं झाड अर्धं ओरबाडून गेली. दुसऱ्या टायमाला म्या तिच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. त्या दिवशी मी म्हनले, "खाऊ दे, मुकं जनावर हाय." मंग ती हळूच म्हनली, "भिकाबाई, तुला बरं न्हाई का जास्त?" मी म्हनले, "बरी हाय." "मंग शिव्या काहून न्हाई दिल्यास?" म्या काही तरी सांगून वेळ मारून नेली. पन तिचा आवाज त्याच्यानंतर बदलला.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी, सकाळी, थापायचा आवाजच आला न्हाई. मी वाट बघितली. उन्हं अंगनात आली तरी पलीकडं भांडं वाजंना. म्या भितीपाशी जाऊन हाक मारली, "मनकर्णे!" ती अंगनातच व्हती. म्हनली, "आज अन्नावर वासनाच न्हाई बाई. काल रातीबी न्हाई खाल्लं. पुनम सारखी डोळ्याम्होरं येती." मी घाबरले. हिनं असंच खानं सोडलं आन उद्या बांबू निघून कोनी सांगायला आलं तर? माझ्या तोंडातून गेलं, लई मायेनं गेलं, "असं करू नको गं माय. आधी चार घास खाऊन घे."

बोलले आन जीभ चावली. पन गेलेलं तोंडातून माघारी येतं का? इतक्या वर्षांत म्या तिला कधी 'माय' म्हनलं नव्हतं. आन 'आधी खाऊन घे' हे तर तिचंच बोलनं, तिनं किती घरांत जाऊन म्हनलेलं. पलीकडून चपलेचा आवाज थांबला.

"मनकर्णे," मी म्हनले, "तापात बोलले गं मी, काही तरीच बोलले."

"थांब," ती म्हनली. "चूल पेटवते."

बस, एवढंच. कोन गेलं म्हनून तिनं इचारलं न्हाई. तिचं व्हतंच कोन दुसरं? मी भितीला धरून उभी. पलीकडं काटक्या मोडल्याचा आवाज आला. धूर वर आला. परातीत पीठ पडल्याचं कळलं. मंग थापायला लागली. नेहमी दोघींच्या भाकरी थापायची ती, आज एकच थापली. मी देवाचं नाव घेत व्हते, पन देवाला मागावं काय तेच कळत नव्हतं. जे व्हायचं ते होऊन गेलतं. तव्यावरून भाकर काढली, ताटलीत ठेवली. मंग ती खात बसली. मला घासाघासाचा आवाज येत न्हाई, पन मधी मधी तांब्या वाजायचा. एक एक घास पान्यानं ढकलून राहिली व्हती. दुसऱ्याला किती बार तिनं असं बसून खाऊ घातलं, आन आज तिच्यापाशी बसायला कोनी न्हाई, तिचं तिलाच खाऊ घालायची पाळी. माझ्या डोळ्यातून घळाघळा पानी. मला वाटलं ही भाकर सरूच नये. पन एक भाकर खायला मानसाला असा कितीसा वेळ लागतो?

मंग हात धुतल्याचा आवाज आला. तांब्या खाली ठेवल्याचा.

"जेवले मी," मनकर्णा म्हनली. आवाज भितीच्या लगत आलता. "आता सांग."

"मनकर्णे..."

"सांग, भिकाबाई. खाल्लं म्या सगळं. सांग."

म्या सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत न्हाई. "पुनम गेली गं," इतकंच म्हनले असंन. पलीकडं काही आवाज झाला न्हाई. मला वाटलं चक्कर येऊन पडली का काय. म्या घरातून स्टूल आनला, भितीवर हात टाकला, चढायला लागले. "येऊ नको," ती म्हनली. "तुला ताप हाय, पडशील."

मी स्टुलावर तशीच उभी. वरून दिसत व्हती ती मला. भितीला पाठ लावून बसलेली, वले हात मांडीवर. माझा हात तिच्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता.

"कधी?" तिनं इचारलं.

"पाडव्याच्या आदल्या दिवशी. पहाटं."

"म्हंजी पुरन..." ती म्हनली आन थांबली. मला वाटलं आता शिव्या देईल. द्याव्या म्हनून मी वाट बघत व्हते. पन तिनं एक शबूद मला बोलला न्हाई.

"कुठं केलं?"

"नांदेडलाच. तिथल्याच मानसांनी."

"तोंडात पानी कोनी घातलं?"

"कोनाला सोडलंच न्हाई आत. स्वप्निललाबी न्हाई."

मंग ती वर बघून, सरळ माझ्याकडं बघून म्हनली, "आगं पन तिनं शेवटी खाल्लं काय व्हतं?"

ती थांबलीच न्हाई.

"तिला कोनी इचारलं असंल ना गं, जेवलीस का म्हनून? उपाशी न्हाई ना गेली माझी पुनम?"

इतके दिवस मी थापांवर थापा मारल्या. टावर न्हाई म्हनले, चार्जिंग न्हाई म्हनले, पोळी चांगली झाली म्हनले. आता एक थाप मारायची व्हती. वरनभात खाल्ला व्हता म्हनले असते, दोन घास दूधभात म्हनले असते, तर कोन नांदेडला जाऊन बघनार व्हतं? पन तिच्या डोळ्यात बघून माझं तोंड उघडंना. "मला म्हाईत न्हाई गं," मी म्हनले. "कोनालाच म्हाईत न्हाई."

तवा ती रडली. तोंडावर हात न्हाई, पदर न्हाई, उघड्या अंगनात. तिचा खांदा धरायला कोनी नव्हतं. बांबूपाशी उकंडराव आलता, आवाज आयकून चार बायाबी आल्या, पदरानं डोळे पुसत पट्टीच्या पलीकडं उभ्या राहिल्या. कोनी आत आलं न्हाई. मी स्टुलावर उभी ऱ्हाऊन "रड माय, रड" इतकंच म्हनत राहिले. दुसरं माझ्याच्यानं काही झालं न्हाई.